जळू न देता ऑक्सिजन जोडणे: धातूंच्या मिश्र ऑक्साइडांवर होणारे हायड्रोकार्बनचे ऑक्सिडीकरण

स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन हे दोन हायड्रोकार्बन असतात. शेगडीवर त्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ उरते. तोच ब्युटेन आणि तीच हवा कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून व्हॅनेडियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्र ऑक्साइडावरून नेली, तर निम्म्याहून अधिक ब्युटेनपासून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नावाचा पांढरा घन पदार्थ मिळतो. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या फायबरच्या होड्या ज्या पॉलिएस्टर रेझिनपासून घडवतात, त्या रेझिनचा हा एक कच्चा माल आहे.

दोन्ही ठिकाणी ऑक्सिडीकरणच होते. फरक एवढाच की शेगडीवर ते शेवटपर्यंत जाते आणि कारखान्यात ते अध्येमध्ये थांबवले जाते. रसायन उद्योगातील एक मोठा आणि जुना प्रश्न याच थांबवण्याचा आहे. अ‍ॅक्रिलिक लोकर, रंगांमधील व गोंदांमधील अ‍ॅक्रिलेट, लहान मुलांच्या डायपरमधील पाणी शोषणारी भुकटी, नायट्राइल रबराचे हातमोजे, कार्बन फायबर या साऱ्यांची सुरुवात अशाच एखाद्या थांबवलेल्या ज्वलनापासून होते.

थांबवणे अवघड का

रवा भाजताना खमंग होणे आणि करपणे यांत मिनिटाभराचे अंतर असते, पण निदान तो डोळ्यांसमोर असतो. रेणूंच्या बाबतीत अडचण जास्त आहे, कारण इथे अर्धवट भाजलेला पदार्थ कच्च्या पदार्थापेक्षा लवकर करपतो.

ब्युटेन, प्रोपेन यांसारखी संपृक्त हायड्रोकार्बन संयुगे तशी निष्क्रिय असतात. त्यांच्यातील कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला बरीच ऊर्जा लागते. मात्र एकदा एक बंध तुटला आणि रेणूत ऑक्सिजन शिरला, की पुढचे बंध तुलनेने सहज तुटतात. म्हणजे ज्या तापमानाला मूळ रेणू जेमतेम प्रतिक्रिया देऊ लागतो, त्याच तापमानाला हवा असलेला पदार्थ जळून जाण्याच्या बेतात असतो.

उष्णतेचे गणितही विरोधात जाते. एक मोल, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम प्रोपिलीन वायूचे अ‍ॅक्रोलिनपर्यंत ऑक्सिडीकरण झाले तर साधारण ३४० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेच प्रोपिलीन पूर्ण जळाले तर हा आकडा १,९०० च्या पुढे जातो. त्यामुळे भट्टीत एखाद्या ठिकाणी थोडे जास्त ज्वलन झाले की ती जागा तापते, तापल्यामुळे तिथे आणखी ज्वलन होते, आणि हा फेरा चालू राहिला तर उत्प्रेरक कायमचा खराब होतो. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक रेणूची ओढ कार्बन डायऑक्साइडकडेच असते. त्याला वाटेत अडवायचे तर केवळ तापमान कमी-जास्त करून भागत नाही. त्याला ऑक्सिजन कोण देतो, कुठे देतो आणि किती देतो, यावर ताबा लागतो.

या क्षेत्रात तीन शब्द वारंवार येतात. आत सोडलेल्या हायड्रोकार्बनपैकी किती टक्क्यांचे काहीतरी झाले, ते म्हणजे रूपांतरण. जेवढ्याचे काहीतरी झाले त्यातील किती टक्क्यांचा हवा तोच पदार्थ झाला, ती निवडकता. या दोहोंचा गुणाकार म्हणजे साखर कारखान्यात ज्याला उतारा म्हणतात तोच. ७० टक्के रूपांतरण आणि ८० टक्के निवडकता असेल तर उतारा ५६ टक्के. रूपांतरण वाढवू गेले की निवडकता बहुधा घसरते, आणि या ओढाताणीत एक-दोन टक्के पुढे सरकण्यासाठी कंपन्यांनी दशके घालवली आहेत. हे एक-दोन टक्के क्षुल्लक नव्हेत. वर्षाला लाखभर टन माल काढणाऱ्या कारखान्यात निवडकतेचा एक टक्का म्हणजे हजारभर टन कार्बनी पदार्थ वाचला की धुराड्यातून गेला, एवढा फरक असतो.

मिश्र ऑक्साइड म्हणजे काय

आधी नावातील एक घोळ दूर करायला हवा. मिश्रधातू म्हणजे पितळ, पोलाद यांसारखा धातूंचा एकजीव पदार्थ. मिश्र ऑक्साइडांचा त्याच्याशी संबंध नाही. दोन किंवा अधिक धातूंचे अणू आणि ऑक्सिजन एकाच स्फटिकात ठरावीक जागी बसलेले असले की त्याला मिश्र ऑक्साइड म्हणतात. बिस्मथ मॉलिब्डेट हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या एका रूपात बिस्मथ-ऑक्सिजनचा थर आणि मॉलिब्डेनम-ऑक्सिजनचा थर एकाआड एक रचलेले असतात. दोन ऑक्साइडांची भुकटी नुसती कालवून हा परिणाम मिळत नाही. दोन्ही धातू अणूंच्या पातळीवर शेजारी असावे लागतात.

यात वापरले जाणारे मुख्य धातू व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, बिस्मथ, लोह, अँटिमनी हे आहेत. त्यांच्यात एक समान गुण आहे: यांतील बहुतेकांचे अणू एकाहून अधिक संयुजा धारण करू शकतात. व्हॅनेडियम पाचवरून चारवर आणि परत पाचवर येऊ शकतो. मॉलिब्डेनम सहावरून चारवर येऊ शकतो. अशा धातूचे ऑक्साइड आपल्या जवळचा थोडा ऑक्सिजन गमावूनही स्फटिक म्हणून टिकून राहते आणि संधी मिळताच तो परत भरून काढते.

ऑक्सिजन हवेतून येतो की घन पदार्थातून?

१९५४ मध्ये नेदरलँड्समधील सरकारी खाण कंपनीत काम करणारे पी. मार्स आणि डी. डब्ल्यू. व्हान क्रेव्हेलेन यांनी बेंझीन, टोल्यूईन, नॅफ्थॅलीन यांसारख्या पदार्थांचे व्हॅनेडियम ऑक्साइडावर होणारे ऑक्सिडीकरण तपासले. प्रतिक्रियेचा वेग कशावर अवलंबून आहे हे मोजल्यावर त्यांना आकडे एकाच पद्धतीने जुळवता आले. प्रतिक्रिया दोन वेगळ्या पायऱ्यांत होते असे धरावे लागले. पहिल्या पायरीत हायड्रोकार्बन उत्प्रेरकाच्या जालकातील ऑक्सिजन घेऊन निघून जातो आणि तिथे रिकामी जागा उरते. दुसऱ्या पायरीत हवेतील ऑक्सिजन ती जागा भरतो. आज या क्रियाविधीला त्या दोघांचेच नाव आहे.

ही एक प्रकारची उसनवारी आहे. मात्र इथे उसने नेणारा एक आणि फेडणारा दुसरा. हायड्रोकार्बनची आणि हवेतील ऑक्सिजनची थेट गाठ पडतच नाही, किंवा पडू नये अशी व्यवस्था असते.

वेगाच्या समीकरणावरून काढलेला हा निष्कर्ष अप्रत्यक्षच होता. थेट पुरावा समस्थानिकांनी दिला. निसर्गातील जवळपास सर्व ऑक्सिजन १६ वस्तुमानांकाचा असतो, पण १८ वस्तुमानांकाचा जड ऑक्सिजन वेगळा करून वापरता येतो. १९७० मध्ये अमेरिकेतील जी. डब्ल्यू. क्यूल्क्स यांनी साध्या ऑक्सिजनने बनलेल्या बिस्मथ मॉलिब्डेटवरून प्रोपिलीन आणि जड ऑक्सिजन वायू सोडला. ऑक्सिजन थेट वायूतून घेतला जात असेल तर बाहेर पडणाऱ्या अ‍ॅक्रोलिनमध्ये जड ऑक्सिजन दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो अगदीच थोडा आढळला. अ‍ॅक्रोलिनमधील ऑक्सिजन घन उत्प्रेरकाचा होता. शिवाय हिशेब केल्यावर असे दिसले की तो केवळ पृष्ठभागावरचा नव्हता. आतल्या थरांतील ऑक्सिजनही बाहेर येत होता आणि वायूतील ऑक्सिजन दुसऱ्या जागी आत शिरून जालकातून सरकत होता. बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या त्या भुकटीत ऑक्सिजनचे आयन सतत जागा बदलत असतात.

यामुळे निवडकता का वाढते? पोलंडमधील क्राकूव येथील येर्झी हाबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मांडणी अशी केली. हवेतील ऑक्सिजनचा रेणू ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर बसतो तेव्हा तो एका झटक्यात जालकाचा भाग होत नाही. त्याला टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन मिळतात आणि मधल्या अवस्थांत तो इलेक्ट्रॉनांसाठी हपापलेला असतो. हायड्रोकार्बनमध्ये इलेक्ट्रॉन जिथे दाट आहेत, म्हणजे दुहेरी बंधावर, तिथेच तो हल्ला करतो आणि कार्बनची साखळी तुटते. साखळी तुटली की पुढे ज्वलन ठरलेले. याउलट जालकात स्थिरावलेल्या ऑक्सिजन आयनाजवळ इलेक्ट्रॉन पुरेसे असतात. तो दुहेरी बंधाच्या वाटेला जात नाही. बाजूच्या कार्बनवरील हायड्रोजन निघाल्यानंतर जी जागा मोकळी होते, तिथे तो जाऊन बसतो आणि साखळी शाबूत राहते. तेव्हा चांगला उत्प्रेरक तो, जो हवेतील ऑक्सिजनला मधल्या आक्रमक अवस्थांत रेंगाळू न देता पटकन जालकात सामावून घेतो.

ओहायोतील प्रयोग

हे सारे सिद्धांत मागाहून स्पष्ट झाले. त्यांचा औद्योगिक उपयोग मात्र त्याच काळात, काहीशा धाडसाने, अमेरिकेतील ओहायो राज्यात चालू झाला होता. स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो, म्हणजेच सोहायो, ही १९११ मध्ये विभागल्या गेलेल्या रॉकफेलर यांच्या तेल साम्राज्यातील एक कंपनी. पेट्रोल शुद्ध करून विकणे हा तिचा धंदा, आणि रसायन उद्योगात तिचे नाव नव्हते. तिच्या क्लीव्हलँडजवळच्या प्रयोगशाळेत फ्रँकलिन व्हीच यांनी १९५३ च्या सुमारास एक कल्पना मांडली: शुद्धीकरण कारखान्यात स्वस्तात मिळणाऱ्या हलक्या वायूंना धातूच्या ऑक्साइडातील ऑक्सिजन देऊन त्यांपासून उपयुक्त रसायने करावीत. हवा त्या वायूत मिसळायचीच नाही. ऑक्साइड रिते झाले की ते वेगळ्या भांड्यात नेऊन हवेने ताजे करायचे.

सुरुवातीचे निकाल निराशाजनक होते. मग भर प्रोपेनवरून प्रोपिलीनवर गेला आणि अनेक ऑक्साइडे तपासता तपासता बिस्मथ फॉस्फोमॉलिब्डेट हाती लागले. त्यावर प्रोपिलीनपासून अ‍ॅक्रोलिन चांगल्या प्रमाणात मिळू लागले. हवा एकत्र सोडली तरी निवडकता टिकते असे दिसल्याने दोन भांड्यांची खटपटही वाचली. १९५७ मध्ये जेम्स आयडॉल यांनी त्याच मिश्रणात अमोनिया सोडला. आता ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन रेणूत शिरला आणि एकाच पायरीत अ‍ॅक्रिलोनायट्राइल मिळाले. पहिल्याच प्रयोगांत उतारा ५० टक्क्यांच्या आसपास होता. नव्या प्रक्रियेसाठी हे फारच चांगले मानावे लागेल.

अ‍ॅक्रिलोनायट्राइलला तेव्हा मोठी मागणी होती. ड्युपाँट कंपनीने १९५० मध्ये ऑर्लॉन हा अ‍ॅक्रिलिक धागा बाजारात आणला होता आणि तो लोकरीची जागा घेऊ लागला होता. पण हे रसायन ॲसिटिलीन आणि हायड्रोजन सायनाइड यांपासून बनवत. दोन्ही कच्चे माल महाग आणि दोन्ही धोकादायक. सोहायोला लागत होते ते प्रोपिलीन, अमोनिया आणि हवा. १९६० मध्ये लायमा या गावी तिचा पहिला कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांतच जुन्या पद्धतीचे कारखाने बंद पडले. आज जगातील ९० टक्क्यांहून अधिक अ‍ॅक्रिलोनायट्राइल याच मार्गाने बनते. आपल्याकडे घरी विणायला म्हणून दुकानातून ‘लोकर’ आणली जाते, त्यातील बरीचशी मेंढीची नसून या प्रक्रियेतून आलेली असते.

उत्प्रेरक मात्र तोच राहिला नाही. युरेनियम आणि अँटिमनीचे ऑक्साइड काही वर्षे वापरात होते. १९७० च्या दशकात बिस्मथ आणि मॉलिब्डेनम यांच्या जोडीला लोह, कोबाल्ट, निकेल आणि चिमूटभर पोटॅशियम असलेली मिश्रणे आली. लोहाचे काम मुख्यतः हवेतून ऑक्सिजन लवकर आत घेण्याचे. अशा सुधारणांनी उतारा ८० टक्क्यांच्या घरात पोहोचला आहे.

बिस्मथ काय करतो आणि मॉलिब्डेनम काय करतो

एकाच स्फटिकात दोन धातू का लागतात, याचे उत्तर काही अतिशय सुबक प्रयोगांतून मिळाले. प्रोपिलीनमध्ये तीन कार्बन एका ओळीत असतात. एका टोकाला दुहेरी बंध असतो आणि दुसऱ्या टोकाला तीन हायड्रोजन. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात एका टोकाच्या कार्बनवर खूण केलेले, म्हणजे किरणोत्सारी कार्बन किंवा जड हायड्रोजन असलेले प्रोपिलीन वापरून पाहिले गेले. बाहेर आलेल्या अ‍ॅक्रोलिनमध्ये ऑक्सिजन खुणेच्या टोकाला आणि दुसऱ्या टोकाला जवळपास सारख्याच प्रमाणात लागलेला दिसला. याचा अर्थ वाटेत कुठेतरी रेणूची दोन्ही टोके एकसारखी झाली होती. एक हायड्रोजन गमावलेल्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या असलेल्या या मधल्या रूपाला ॲलिल म्हणतात. पहिला हायड्रोजन निघणे हीच सर्वांत संथ पायरी आहे, हेही याच प्रयोगांतून कळले.

पुढचा प्रश्न असा की हायड्रोजन काढतो कोण आणि ऑक्सिजन घालतो कोण? क्राकूवमधील बार्बारा ग्झिबोव्स्का, हाबर आणि यानास यांनी १९७७ मध्ये एक युक्ती केली. ॲलिल आयोडाइड या संयुगातून ॲलिल गट सहज सुटतो, म्हणजे पहिली अवघड पायरी ओलांडूनच रेणू उत्प्रेरकावर येतो. असे ॲलिल नुसत्या मॉलिब्डेनम ऑक्साइडावर सोडले तर जवळपास सगळ्याचे अ‍ॅक्रोलिन झाले. एरवी हेच ऑक्साइड प्रोपिलीनवर फारसे काम करत नाही. तेच ॲलिल नुसत्या बिस्मथ ऑक्साइडावर सोडले तर दोन ॲलिल एकमेकांना जोडले जाऊन सहा कार्बनांची साखळी झाली आणि ऑक्सिजन आत शिरलाच नाही.

कामाची वाटणी अशी उघड झाली. बिस्मथशी निगडित ऑक्सिजन पहिला हायड्रोजन काढतो. मॉलिब्डेनमशी जोडलेला ऑक्सिजन, किंवा अमोनिया असेल तर त्या जागी आलेला नायट्रोजन, रेणूत शिरतो. एकटा बिस्मथ दार उघडून देतो पण पाहुण्याला काही देत नाही. एकट्या मॉलिब्डेनमकडे द्यायला असते, पण दार उघडत नाही. बारकाव्यांवर आजही वाद आहेत आणि संगणकीय गणिते हे चित्र थोडे इकडे-तिकडे सरकवतात. तरी दोन धातूंनी दोन वेगळी कामे करावीत आणि ती एकमेकांच्या शेजारी करावीत, हे तत्त्व टिकून आहे.

देणाऱ्याकडे किती असावे, हाही मुद्दा आहे. सोहायोतील जेम्स कॅलाहन आणि रॉबर्ट ग्रासेली यांनी १९६३ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडावर हे दाखवले. तांब्याचे पूर्ण ऑक्साइड प्रोपिलीनला जाळून टाकते. त्यातील बराचसा ऑक्सिजन आधीच काढून घेतला तर तेच ऑक्साइड अ‍ॅक्रोलिन देऊ लागते. आणखी काढला तर ते काहीच करेनासे होते. त्यांनी लावलेला अर्थ असा: पृष्ठभागावर देण्याजोगे ऑक्सिजन दाटीवाटीने असतील तर एका रेणूला एकामागून एक अनेक ऑक्सिजन मिळतात आणि तो जळतो. दोन-चार ऑक्सिजनांचे बेट असेल आणि आजूबाजूला रिकामी जागा असेल, तर रेणूला हवे तेवढेच मिळते आणि तो सुटून जातो. मिश्र ऑक्साइडात दुसरा धातू घालण्यामागे अशी बेटे तयार करणे हाही एक हेतू असतो.

भट्टीतील अडचणी

उत्प्रेरक सापडला म्हणजे कारखाना उभा राहिला असे होत नाही. पहिला शत्रू उष्णता. सोहायो प्रक्रियेत उत्प्रेरक बारीक वाळूसारख्या कणांच्या रूपात असतो आणि खालून येणाऱ्या वायूच्या जोरावर तो सतत खळखळत राहतो. याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. कण सतत फिरत असल्याने उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि आत बसवलेल्या नळ्यांतील पाणी ती वाफेच्या रूपाने बाहेर नेते. ही वाफ कारखान्यातच वापरली जाते. दुसरी पद्धत म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या हजारो नळ्यांत उत्प्रेरकाच्या गोळ्या भरायच्या आणि नळ्यांभोवती वितळलेले क्षार फिरवायचे. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे ऑर्थो-झायलीनपासून थॅलिक अ‍ॅनहायड्राइड बनते, ते उत्पादन या दुसऱ्या घराण्यातले. त्याचा उत्प्रेरक टायटॅनियम ऑक्साइडावर पातळ पसरलेले व्हॅनेडियम ऑक्साइड असतो. केरळमध्ये कोची येथील भारत पेट्रोलियमच्या संकुलात प्रोपिलीनपासून अ‍ॅक्रिलिक आम्ल बनते. अशा प्रक्रियेत प्रोपिलीनचे आधी मॉलिब्डेनम-बिस्मथ उत्प्रेरकावर अ‍ॅक्रोलिन होते आणि मग मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम उत्प्रेरकावर अ‍ॅक्रोलिनचे आम्ल.

दुसरा शत्रू स्फोट. हायड्रोकार्बन आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळली की ठिणगीची वाट पाहत बसतात. ब्युटेनसाठी हे प्रमाण हवेत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास सुरू होते. नळ्यांच्या भट्टीत ब्युटेन त्या मर्यादेच्या जवळपासच ठेवावा लागतो, म्हणजे पंपांना एका भागासाठी पन्नासहून अधिक भाग हवा ढकलावी लागते.

तिसरी अडचण उत्प्रेरकाच्या झिजण्याची. मॉलिब्डेनम तापलेल्या वाफेबरोबर हळूहळू उडून जातो. ब्युटेनच्या उत्प्रेरकातून फॉस्फरस निघून जातो, म्हणून येणाऱ्या वायूत फॉस्फरसयुक्त संयुगाचा अगदी बारीक पुरवठा चालू ठेवतात. हवा कमी पडली तर उसने दिलेला ऑक्सिजन परत येत नाही आणि जालक कोसळते. ते नंतर हवेने पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

ब्युटेनचे चौदा इलेक्ट्रॉन

या साऱ्या कुटुंबात ब्युटेनपासून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड बनवणारी प्रतिक्रिया सर्वांत थक्क करणारी म्हणता येईल. एका ब्युटेन रेणूतून आठ हायड्रोजन काढायचे, तीन ऑक्सिजन घालायचे आणि उघड्या साखळीचे कडे करायचे. एकूण चौदा इलेक्ट्रॉनांची देवघेव. आणि मधले कोणतेही रूप मोठ्या प्रमाणात पृष्ठभाग सोडून बाहेर येत नाही. व्हॅनेडिल पायरोफॉस्फेट हे मिश्र ऑक्साइड हे सारे एकहाती करते.

पूर्वी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड बेंझीनपासून बनवत. बेंझीनमध्ये सहा कार्बन आणि हव्या त्या पदार्थात चार. म्हणजे प्रतिक्रिया अगदी बिनचूक झाली तरी दर रेणूमागे दोन कार्बन जाळावेच लागत. शिवाय बेंझीन कर्करोगकारक. १९७४ मध्ये मोन्सँटो कंपनीने ब्युटेनचा वापर व्यापारी पातळीवर सुरू केला आणि बेंझीन मागे पडत गेले. तरीही उतारा ६० टक्क्यांच्या आसपासच अडकलेला आहे. उरलेला बहुतेक ब्युटेन कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होतो.

व्हीच यांची मूळ कल्पना, म्हणजे ऑक्साइड एका भांड्यात रिते करायचे आणि दुसऱ्या भांड्यात भरायचे, ड्युपाँटने याच प्रतिक्रियेसाठी पुन्हा उचलली. स्पेनमधील अस्तुरियास येथे १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्यात उत्प्रेरकाचे कण दोन भांड्यांत फिरत. हायड्रोकार्बनला हवेची गाठ जवळपास पडू द्यायची नाही आणि निवडकता वाढवायची, हा उद्देश. प्रत्येक फेरीत उत्प्रेरक किलोमागे अगदी थोडाच ऑक्सिजन देतो, त्यामुळे थोड्या मालासाठी प्रचंड वजनाची भुकटी फिरवावी लागते आणि ती झिजू नये म्हणून कणांवर सिलिकाचे कवच चढवावे लागते. काही वर्षांनी तो कारखाना बंद झाला. कागदावर सुंदर दिसणारी उसनवारी लोखंडी भांड्यांत उभी करणे किती महाग पडते, हे त्यातून दिसले.

नको असलेला माल

ऑक्सिडीकरण अचूक थांबत नाही, याचे परिणाम कधी कधी भलत्याच ठिकाणी जाणवतात. सोहायो प्रक्रियेत दर टन अ‍ॅक्रिलोनायट्राइलमागे साधारण १०० किलो हायड्रोजन सायनाइड तयार होते. हे जीवघेणे विष साठवून ठेवणे परवडत नाही, म्हणून ते शेजारीच दुसऱ्या रसायनात बदलतात किंवा जाळतात. त्याहून थोडे ॲसिटोनायट्राइल निघते. औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळांना हा द्रावक रोज लागतो, आणि जगातील त्याचा बहुतांश पुरवठा या उपउत्पादनावरच चालतो. २००८ च्या मंदीत मोटारी आणि घरगुती उपकरणांचा खप घसरला. त्यांच्या प्लॅस्टिकसाठी लागणारे अ‍ॅक्रिलोनायट्राइल कमी बनू लागले आणि ॲसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला. किमती कित्येक पटींनी वाढल्या. गाड्या विकल्या जात नाहीत म्हणून गोळ्या तपासायला द्रावक नाही, अशी ही साखळी होती.

सगळे जाळायचे असेल तेव्हा

हीच उसनवारी उलट हेतूनेही वापरता येते. रंगकाम, छपाई यांसारख्या उद्योगांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनच्या वाफा पूर्ण नष्ट करायच्या असतील तर तांबे आणि मँगनीज यांची मिश्र ऑक्साइडे ज्वालेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला ते काम करतात. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातील उत्प्रेरकात मौल्यवान धातूंच्या जोडीला सेरियम आणि झिर्कोनियम यांचे मिश्र ऑक्साइड असते. इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते साठवते आणि कमी पडला की देते, त्यामुळे न जळलेले हायड्रोकार्बन वाटेतच संपतात.

पुन्हा प्रोपेनकडे

प्रोपिलीनपेक्षा प्रोपेन सहसा स्वस्त असतो, म्हणून थेट प्रोपेनपासून अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९० च्या दशकात जपानमधील मित्सुबिशीच्या संशोधकांनी मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, टेल्युरियम आणि नायोबियम अशा चार धातूंचे ऑक्साइड पुढे आणले. त्याच्या स्फटिकात पाच, सहा आणि सात बाजूंची कडी असतात. सहा बाजूंच्या कड्यांत टेल्युरियम बसतो आणि नायोबियमची जागा पाच बाजूंच्या कड्याच्या मध्यभागी असते. व्हॅनेडियम प्रोपेनचा पहिला, सर्वांत अवघड हायड्रोजन काढतो. पुढचा मार्ग बराचसा जुन्या बिस्मथ-मॉलिब्डेनम जोडीसारखाच आहे. इथे बिस्मथचे काम टेल्युरियम करतो.

जपानच्याच असाही कासेई कंपनीने दक्षिण कोरिया आणि थायलंड येथे प्रोपेनवर चालणारे कारखाने उभे केले. उतारा ६० टक्क्यांच्या आसपास असल्याने त्यांचा नफा प्रोपेन आणि प्रोपिलीन यांच्या किमतीतील फरकावर अवलंबून राहतो, आणि तो फरक दरवर्षी बदलतो. टेल्युरियमची अडचण वेगळीच. भट्टीच्या तापमानाला, विशेषतः ऑक्सिजन कमी पडला की, तो स्फटिकातून सुटून वाफ होऊन जातो, आणि तो दुर्मीळ धातू थंड भागांत जाऊन बसतो.